‘कर तुला हवं ते’: परदेशात वाढणाऱ्या मुली आणि त्यांच्या मराठी आया

प्रश्न: न्यू जर्सीत राहणारी एक आई लिहिते, "मुलगी १४ वर्षांची, इथेच जन्मलेली. चार वर्षांची होईपर्यंत छान मराठी बोलायची, शाळा सुरू झाली आणि ते गेलं. आता मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. भांडण झालं की ती भराभरा इंग्रजीत बोलत सुटते आणि मला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. मी मराठीत बोलायला लागले की म्हणते, तू सारखी ओरडतेस. आजीचा फोन आला की खोलीत निघून जाते. घरात फक्त मराठीच बोलायचं असा नियम करू का? येत्या उन्हाळ्यात तिला दोन महिने नाशिकला आजीकडे ठेवू का? माझं कुठे चुकलं?"

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्याखाली दबलंय. मराठी शिकवण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाही. गेली २२ वर्षं मी याच राज्यात कुटुंबांचं समुपदेशन करते आहे, त्याआधी काही वर्षं रविवारच्या मराठी शाळेत शिकवत होते. घरं बदलतात, चित्र तेच असतं. आईचं इंग्रजी ऑफिसचं आणि बँकेचं, मुलीचं मराठी पाच वर्षांच्या पोरीचं. रागवायला, लाजायला, माफी मागायला, घाबरलेय असं सांगायला दोघींना मिळून पुरेल अशी भाषाच घरात नसते. बहुतेक आया याला संस्कृतीचा फरक म्हणतात. फरक आहेच, पण माझ्या अनुभवात आधी भाषा तोकडी पडते आणि मग त्या रिकाम्या जागेत संस्कृतीचं भांडण येऊन बसतं.

एक करून बघा. उद्या मुलगी शाळेतून आल्यापासून जेवणं होईपर्यंत तुम्ही तिच्याशी मराठीत बोललेलं प्रत्येक वाक्य कागदावर उतरवा. कुणाला दाखवायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावते. मागे एका आईने किराण्याच्या यादीच्या पाठीवर लिहून आणलं होतं: बूट नीट ठेव. हात धू. डबा काढ. परत भाजी टाकलीस? फोन ठेव. केस बांध. बाबांना हाक मार. अजून एक पोळी घे. उद्याचं दप्तर भर. कागद शेवटपर्यंत भरला होता आणि हुकूम किंवा उलटतपासणी नसलेलं त्यात एकच वाक्य होतं, ‘पाऊस येईल वाटतं.’ ती कागदाकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मी माझ्या बहिणीशी अशी बोलत नाही हो."

नाहीच बोलत. बहिणीशी ती ठाण्याला फोन लावून तासभर बोलते. ऑफिसातली कटकट, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, स्वतःची भीती, सगळं मराठीत. त्या मराठीशी मुलीची ओळखच झालेली नाही. तिच्यापुरती मराठी म्हणजे ‘हात धू’ आणि ‘फोन ठेव’. विनोद, गुपितं, गोष्टी, मैत्रिणी, हे सगळं इंग्रजीच्या वाट्याला गेलं. त्यात आपल्या भाषेची घडण अशी की आज्ञा द्यायला नुसता धातू पुरतो: बस, ऊठ, घे, खा. ‘घे गं’ मधल्या त्या ‘गं’ मध्ये सगळी माया असते आणि ती ऐकायची आपल्या कानांना सवय आहे. दिवसभर ‘प्लीज’ आणि ‘कॅन यू’ ऐकून आलेल्या कानांना मात्र नुसता धातू टोचतो. ‘तू सारखी ओरडतेस’ असं मुलगी म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला तसंच ऐकू येतं.

उलट्या बाजूनेही असंच होतं. एक प्रसंग सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगी १५ वर्षांची. मैत्रिणीकडे रात्री राहायला जाऊ का, असं तिने विचारलं. आई भांडी लावत होती. न वळता म्हणाली, "कर तुला हवं ते." मुलगी बॅग भरून गेली. पुढचे तीन दिवस आई तिच्याशी बोलली नाही आणि मुलीला कारण कळेना. माझ्यासमोर बसल्यावर मुलगी रडत म्हणत होती, आईने परवानगी दिली होती! आणि आई म्हणत होती, मी कुठे हो म्हटलं? मी आईला विचारलं, सांगलीला तुमची आई असं म्हणाली असती तर? ती म्हणाली, "दारात घातलेली चप्पल काढून मी परत आत आले असते."

आपण असंच बोलतो. ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही. ‘राहू दे’ म्हणजे मनाला लागलंय. ‘मला काय, मी आहेच’ म्हणजे कुणीतरी मला विचारा गं. ही भाषा आपण कुठल्या वर्गात शिकलो नाही. आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, वाड्यातली भांडणं, लग्नघरातले रुसवेफुगवे हे सगळं ऐकत ऐकत वीस वर्षांत ती अंगात मुरली. तुमच्या मुलीला हे ऐकवणारं माणूस घरात एकच, आणि ते स्वयंपाक करता करता ऐकवतं. तिला शब्दांचा अर्थ कळतो, रोख कळत नाही. म्हणून तो उघड सांगावा लागतो. त्या आईला मी ‘कर तुला हवं ते’च्या जागी दुसरं वाक्य शोधायला सांगितलं. तिला दोन आठवडे लागले. सापडलेलं वाक्य होतं, "त्या घरातली माणसं मला माहीत नाहीत, मला भीती वाटते." त्यावर मुलीने मैत्रिणीच्या आईचा नंबर आणून दिला.

मुलीच्या इंग्रजीचंही तेच. ‘आय नीड सम स्पेस’ हे त्यांच्या वयात दिवसातून तीनदा म्हटलं जातं. म्हणजे दहा मिनिटं मला एकटीला बसू दे. मराठी आईला ते ‘मला तू नकोस’ असं ऐकू येतं. मुलगी ‘फाइन’ म्हणते तेव्हा ते आपल्या ‘राहू दे’च्या जवळचं असतं, म्हणजे ठीक मुळीच नसतं. आणि सॉरी, थँक यू. मुलगी मला म्हणते, आई मला कधीच सॉरी म्हणत नाही. आई म्हणते, आपल्या माणसाला कसलं सॉरी? भांडणानंतर आईने न बोलता कापलेल्या आंब्याची वाटी मुलीच्या टेबलावर ठेवलेली असते, आणि ती वाटी माफीची आहे हे मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगा. वाटी ठेवताना तोंडाने म्हणा, "मघाशी माझं जरा जास्तच झालं." इंग्रजीतलं सॉरी जमत नसेल तर हे चालेल.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक शब्द मात्र इंग्रजीत नाही. १६ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. आई गेल्या महिन्यात भारतात गेली, तिथून रोज फोन करायची, पण मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी विसरली. मुलगी सांगत होती की ती चिडलेली नाही. दुखावलीय का? तेही नाही म्हणाली. इंग्रजीतले चारपाच शब्द घेऊन बघितले, टाकून दिले. मग खाली बघत, आईसारखाच हेल काढून म्हणाली, "मी रुसलेय." आई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

रुसण्याला इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांत दोष देणं आहे, पोरकटपणा आहे. आपल्या रुसण्यात कुणीतरी समजूत काढायला येईल ही खात्री असते. ज्याच्यावर हक्क नाही त्याच्यावर कुणी रुसत नाही. हट्ट, लाड, कौतुक, वैताग, माया, कासावीस असे शब्द मी मुलींना एकेक करून देते, त्यांच्याच गोष्टीतून. ‘मला वैताग आलाय’ हे वाक्य तर किशोरवयीन मुलींना इतकं आवडतं की आठवडाभर त्या दुसरं काही बोलत नाहीत. भाषा परत येते ती अशी, कामाला आली की.

आता, चार वर्षांची असताना येत होतं ते गेलं कुठे? हे फक्त तुमच्या घरात झालेलं नाही. भाषाशिक्षणाच्या संशोधक लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या, घरची भाषा इंग्रजी नसलेल्या हजाराहून अधिक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बालवाडीत लवकर गेलेल्या मुलांची घरची भाषा सगळ्यात झपाट्याने गेली होती, आणि त्यासोबत आईबापांची मुलांना समजावण्याची, घडवण्याची साधनंही गेली होती. आणि भर घालायला सल्ले देणारे असतातच. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा तिथल्या शिक्षिकेने मला सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही. मी स्वतः या क्षेत्रातली, तरी घाबरून दीड वर्ष ऐकलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला अंगाई म्हणू शकत नव्हते. तो सल्ला चुकीचा होता. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं लांबत नाही. बोलण्यात खरोखर अडचण असलेली मुलंसुद्धा दोन भाषा शिकतात.

तुमच्या मुलीची भाषा गेलेली नाही, जिभेवरून उतरून कानात जाऊन बसली आहे. ‘मराठीत विचारते, इंग्रजीत उत्तर देते’ असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिला प्रश्न कळतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली कॅनडात दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखू येतो, आणि वर्षाची होईपर्यंत ती ओळख पुसट होते. तुमच्या मुलीने पहिली चार वर्षं त, ट, न, ण, ल, ळ ऐकत काढली. मोठेपणी मराठी शिकायला बसलेल्या परक्या माणसाला जे वर्षभर घोटूनही जमत नाही ते तिच्या कानात तयार आहे.

मग ती बोलत का नाही? बहुतेक वेळा कुणीतरी हसलेलं असतं. हे मी फार गांभीर्याने लिहिते आहे. सात-आठ वर्षांची मुलगी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांसमोर ‘मी गेलो होतो’ म्हणते, कारण घरात बाबा आणि दादा तसंच म्हणतात. दहा मावश्या कौतुकानेच हसतात, कुणीतरी ‘अय्या, गेलो काय गं, मुलगा आहेस का?’ म्हणतं, आणि त्या दिवसानंतर ती मराठी बोलत नाही. अशा किती मुलींनी मला आपापला तो दिवस सांगितला आहे! कुणी हसलं तेव्हा अंगात कुठला फ्रॉक होता हेही त्यांना आठवतं. कोल्हापूरकडच्या बायका तर सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, आणि त्यांच्या मराठीला नावं ठेवायची कुणाची छाती आहे? तुमच्या मुलीला कधीतरी शांतपणे विचारा, मराठी बोलताना तुला कुणी हसलं होतं का. उत्तरात तुमचंच नाव आलं तर बचाव करू नका.

आजीच्या फोनचं इथेच सांगते. तिच्यासाठी तो फोन म्हणजे तोंडी परीक्षा असते. कशी आहेस, अभ्यास कसा चाललाय, मराठीत बोल की गं. त्याऐवजी आजीला आधी सांगून ठेवा आणि मुलीला एकच प्रश्न द्या: आई माझ्याएवढी होती तेव्हा काय काय उद्योग करायची? आजी अर्धा तास बोलेल, मुलीला एक वाक्यही बोलावं लागणार नाही, आणि ती खोलीत जाणार नाही.

दुसरी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारते. घरातली पत्रं, फॉर्म, दवाखान्यातलं बोलणं कोण करतं? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामागे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बायकांना २०१५ पर्यंत इथे नोकरी करायची परवानगीच नव्हती, आणि त्यानंतरही ती नवऱ्याच्या व्हिसाची किंवा ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्याला पोचली असेल तरच मिळते. पुण्यात इंजिनिअर असलेली बाई इथे आठ-दहा वर्षं घरात बसते, बाहेरचं बोलायची सवय सुटते, आणि दहा वर्षांची पोर तिच्या वतीने फोनवर बोलायला लागते. मुलगी हुशार होते, जबाबदार होते, पण मनात कुठेतरी ठरवते की आईला जगातलं कळत नाही. चौदाव्या वर्षी ‘तुला नाही कळणार’ हे वाक्य तिथून येतं. डॉक्टरकडे तर मुलीला दुभाषी म्हणून अजिबात नेऊ नका. आईच्या गर्भाशयाच्या गाठीची बातमी आईला सांगायचं काम बारा वर्षांच्या मुलीवर पडलेलं मी पाहिलं आहे. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषी मोफत द्यायचा असतो, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना त्या कामाला लावायचं नसतं. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ म्हणून मागा. ‘हिंदी चालेल का’ विचारतील. तुम्हाला हिंदीत पोटातलं दुखणं सांगता येत नसेल तर नाही म्हणा.

शरीराच्या गोष्टींसाठी मात्र मी मराठीचा आग्रह धरत नाही. इथे पाचवीच्या सुमाराला शाळेतच पाळीविषयी सगळं सांगतात, नकाशासारख्या चित्रांसकट. घरी आल्यावर आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, कावळा शिवला का गं, आणि मुलगी खिडकीबाहेर कावळा शोधते. आपल्या पिढीला हे शब्द कुजबुजतच मिळाले. आपल्यालाही मोठ्याने बोलायचं मराठी येत नाही, हे मान्य करावं. इंग्रजी शब्द वापरा, दार बंद करून वापरा, पण बोला. देवघराजवळ जायचं की नाही याबद्दल तुमच्या घरची रीत असेल, तर ती तुम्ही का पाळता किंवा का सोडलीत ते सांगा. ‘आपल्यात असं असतं’ एवढ्याने या मुली थांबत नाहीत, आणि मला वाटतं थांबूही नये.

‘फक्त मराठी’चा नियम? नको. चौदाव्या वर्षी असा नियम केला तर मुलगी मराठी बोलणार नाही, बोलणंच बंद करेल. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या मराठी शाळा आहेत. तिला लिहायवाचायची हौस असेल तर जरूर पाठवा, पण घरातल्या भांडणाचं औषध तिथे मिळायचं नाही. भांडणात जिची तिची भाषा चालू द्या. तुम्ही मराठीत, ती इंग्रजीत, फक्त हळू. शब्द अडला तर थांबून विचारायचं, ‘म्हणजे काय गं?’ हे विचारणं म्हणजे हरणं नाही. आईने अर्थ विचारला की मुलीचा अर्धा राग तिथेच उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आणि ती इंग्रजीत काही सांगेल तेव्हा ‘मराठीत सांग’ म्हणू नका. तिचंच म्हणणं मराठीत परत बोला: "अच्छा, म्हणजे तिने तुला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं." तिला शब्दही मिळतो आणि ऐकलं गेल्याचं समाधानही.

आणखी एक, गाडीतला वेळ. शिकवणीला सोडायला जाता ती वीस मिनिटं. दोघी समोर बघत असता, नजरेला नजर द्यायची नसते. त्या वेळात तिला एकही प्रश्न विचारू नका. स्वतःचं काहीतरी सांगा, बहिणीला सांगता तसं. आज ऑफिसात मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकलंच नाही, मला रडू येत होतं. पहिले पाचसहा दिवस ती कानात इअरफोन घालून बसेल. तरी सांगत राहा.

एवढं करूनही ती जेवणं टाकत असेल, दिवसदिवस झोपून राहत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी म्हणाली, तर हा भाषेचा प्रश्न उरलेला नाही. लगेच तिच्या डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीवर फोन किंवा मेसेज करता येतो, ती स्वतःही करू शकते.

राहिलं नाशिक. दोन महिने एकटीला पाठवू नका. तुमच्या इथली सुट्टी जूनच्या उत्तरार्धात लागते, तोवर तिकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात. भावंडं दिवसभर बाहेर, पाऊस लागलेला, आणि ही आजीबरोबर टीव्हीसमोर. तीन आठवडे पुरे, त्यातला पहिला आठवडा तुम्ही सोबत राहा. तिला रोजचं एखादं काम असू द्या, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची, इस्त्रीचे कपडे मोजून घ्यायचे. भाजीवाल्या मावशींना तिच्या मराठीची परीक्षा घ्यायची नसते, त्यांना कोथिंबीर विकायची असते, म्हणून तिथे जीभ लवकर सुटते. निघण्याआधी मात्र घरच्या सगळ्यांना फोन करून सांगा: ‘मराठी बोलून दाखव’ म्हणायचं नाही, तिच्या वजनावर आणि रंगावर बोलायचं नाही, आणि ती दारात येऊन ‘मी आलो’ म्हणाली तर कुणी हसायचं नाही. ‘ये, बस, काय खाशील?’ एवढंच म्हणायचं.